बुडून दाखवा, बाई

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अलीकडे ‘मनातल्या भिंती पाडा’ अशा धर्तीचे लेख वरचेवर येतात. लहानपणीच्या एखाद्या प्रसंगामुळे ‘मला हे जमणार नाही’ असं मनात बसतं, हे त्यातलं निदान बरोबर आहे. माझी तक्रार उपायाबद्दल आहे. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी हे करू शकते’ असं दहा वेळा म्हणा, हा तो उपाय. मी तो करून पाहिला आहे. आरशासमोर नव्हे, पोहण्याच्या तलावात, काठाचा स्टीलचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून. दहा वेळा म्हटलं, वीस वेळा म्हटलं. दर वेळी आतून उत्तर यायचं, ‘मग सोड ना दांडा!’ आणि मी सोडत नसे.

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वय आता त्रेसष्ट.

नऊ वर्षांची असताना मी पाण्यात बुडता बुडता वाचले. मामेभावाने हात धरून आत नेलं, आणि गंमत म्हणून हात सोडला. पुढचं फार आठवत नाही. नाकात पाणी गेल्याची आग आठवते, डोळ्यांसमोरचा हिरवट अंधार आठवतो, आणि मावशीने वेणी धरून वर ओढलं तेव्हा टाळूला बसलेला हिसका आठवतो. मला काठावर पालथी घालून पाठीवर थापट्या मारत असताना मागून कुणीतरी म्हणालं, ‘हिचं अंगच जड आहे. ही बुडणारच.’

कोण बोललं ते आजही मला ठाऊक नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, उलट मामेभावाला ओरडा बसू नये म्हणून ते वाक्य टाकलेलं असावं. पण घरात ते रुळलं. पुढे सगळे पाण्यावर निघाले की मी काठावर बसायचे आणि चपला, घड्याळं, चष्मे सांभाळायचे. आधी मला तसं सांगितलं जायचं. नंतर कुणी सांगायच्या आधीच मी हात पुढे करायला लागले. लग्नानंतर सासरच्यांनाही पहिल्याच सहलीत मीच सांगून टाकलं, ‘मी चपला सांभाळते, तुम्ही जा.’ त्यांनी कधी कारणसुद्धा विचारलं नाही. इतक्या सहज बोलले असेन मी.

आता यातली खरी लाजिरवाणी गोष्ट सांगते. ही तीसही वर्षं मी आर्किमिडीजचं तत्त्व शिकवत होते. फळ्यावर बाण काढायचा, वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकं प्लावक बल वरच्या दिशेने लागतं हे मुलांकडून घोकून घ्यायचं, गणितं सोडवून घ्यायची. लोखंडाचा खिळा बुडतो पण लोखंडाचं जहाज तरंगतं ते का, हा माझा हातखंडा तास. तो संपवून मी शिक्षकखोलीत यायचे आणि कुणी सहकारी बाई पोहायला चला म्हणाल्या की मनापासून सांगायचे, ‘नको गं बाई, माझं अंग जड आहे.’ या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या. एकदाही त्यांची गाठ पडली नाही.

गुडघे दुखायला लागले नसते तर पडलीही नसती. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा निम्म्याहून कमी भार येतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला! मी मान डोलावली. तलावाच्या उथळ बाजूला पाणी सव्वा मीटर, माझी उंची एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर. बुडायला तिथे जागाच नव्हती. तरी पहिले तीन आठवडे मी दांडा धरून एका बाजूला चालत राहिले. तिथली प्रशिक्षक मुलगी माझ्या धाकट्या मुलीहून लहान. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून ती मला बाई म्हणायला लागली. एके दिवशी तिने विचारलं,

‘बाई, आज बुडला नाहीत. कशामुळे?’

‘दांडा धरला होता म्हणून.’

‘काल?’

‘कालही धरला होता.’

‘मग उद्याही धरायलाच लागणार,’ असं म्हणून ती पुढच्या शिकणाऱ्याकडे निघून गेली. मला राग आला. वावगा शब्द ती बोलली नव्हती, पण वर्गात एखाद्या मुलाला त्याच्याच उत्तरात मी कसं अडकवायचे, ते मला बरोबर आठवलं.

घरी येऊन वाचत बसले. शिक्षकाची खोड. मानसशास्त्र हा काही माझा विषय नाही, पण प्रयोग कसा वाचायचा एवढं कळतं. रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी १९५३ मध्ये कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग सापडला. खूण झाली की काही सेकंदांत विजेचा झटका बसायचा. मधला अडथळा ओलांडून पलीकडे उडी मारली की कुत्रा वाचायचा. कुत्रे हे लवकर शिकले. मग झटका बंद करण्यात आला. कुत्रे मात्र उड्या मारतच राहिले, शेकडो वेळा. दर उडीनंतर झटका बसला नाही आणि दर वेळी त्याचं श्रेय उडीला गेलं. झटका आता येतच नाही हे कळायला एकदा तरी उडी न मारता उभं राहावं लागलं असतं, आणि नेमकं तेवढंच ते करत नव्हते. (मुक्या जनावरांचे असे हाल करायला नको होते, हे माझं मत आहेच.) मी चोपन्न वर्षं चपला सांभाळत होते. चोपन्न वर्षं बुडाले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हटलं, काय करायचं ते सांग. तिने लगेच पोहायला लावलं नाही. म्हणाली, ‘आज पोहायचं नाही. आज बुडायचं. छाती भरून श्वास घ्या, गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हा आणि तळाला बसून दाखवा. मी इथे हातभर अंतरावर आहे.’

मी वेळ मागून घेतला आणि पिशवीतली वही काढली. प्रयोगाआधी अंदाज लिहायचा, नंतर निरीक्षण, शेवटी अनुमान, हे मी हजारो मुलांकडून करून घेतलं आहे. अंदाज लिहिला : ‘तळाला जाईन. आपणहून वर येणार नाही. खात्री ९० टक्के.’ नव्वद टक्के हा आकडा मला तेव्हा नेमस्त वाटत होता, हे मुद्दाम नोंदवते.

श्वास घेतला, डोळे मिटले, गोळा झाले. पाठ वर आली.

म्हणजे कशी, ते सांगते. आधी जरा खाली गेल्यासारखं झालं, कानात घुमल्यासारखं झालं, आणि मग कुणीतरी मागून झग्याला धरून हळूच उचलावं तसं कमरेपासून वर यायला लागलं. पाठीला हवेचा गारवा लागला. मी पाय टेकून उभी राहिले, म्हटलं श्वास नीट घेतला गेला नसेल. पुन्हा केलं. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी हाताने पाणी मागे सारून मुद्दाम खाली जायचा प्रयत्न केला. तळाच्या फरशीला बोटं लागली आणि सुटली. चौथ्या वेळी मला चक्क वैताग आला. प्रयोगशाळेत काही केल्या प्रयोग बरोबर येत नाही तेव्हा यायचा तसा वैताग. सहा वेळा केलं. सहाही वेळा बुडता आलं नाही. भीती त्या वैतागात कुठे गेली ते कळलंही नाही. निदान त्या दिवशी तरी.

मग तिने सांगितलं, आता सगळा श्वास सोडा आणि पाहा. सोडला. या वेळी हळूहळू खाली गेले, फरशीवर टेकले, आणि पाय झटकून उभी राहिले.

घरी जाऊन गणित मांडलं. माझं वजन ६८ किलो. तरंगायचं तर पूर्ण पाण्याखाली असताना शरीराने ६८ लिटरहून जास्त पाणी बाजूला सारायला हवं. मोठ्या बाईच्या पूर्ण भरलेल्या फुप्फुसांत साधारण चार लिटर हवा मावते, जोर लावून सोडली तरी लिटरभर आत उरतेच. म्हणजे श्वासाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनेक लिटरचा, म्हणजेच पाण्यात तीनेक किलोचा फरक. माणूस तरंगतो की बुडतो ते या तीन किलोंत ठरतं. आणि ते ‘जड अंग’? मी गुटगुटीत होते म्हणून जड. पण चरबी पाण्याहून हलकी असते, एका लिटरला साधारण ९०० ग्रॅम. जिला जड म्हणून काठावर बसवली, ती काटक मामेभावापेक्षा जास्त सहज तरंगली असती.

मग नवव्या वर्षी बुडाले कशी? तेही त्याच गणितात आहे. मी किंचाळले, त्यात छातीतली हवा गेली. दोन्ही हात वर केले. पाण्याबाहेर काढलेल्या हातांना पाणी उचलून धरत नाही, उलट त्यांचा भार डोक्यावर येतो. त्या मिनिटात जे घडलं ते शंभर टक्के खरं होतं. चूक पुढे झाली. एका मिनिटाचं निरीक्षण, आणि अनुमान जन्मभराचं. एखाद्या विद्यार्थ्याने असं वहीत लिहिलं असतं तर मी लाल शाईने खोडलं असतं.

म्हणून आरशाच्या उपायावर माझा राग आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. स्वतःबद्दल चांगलं मत असणाऱ्यांना अशी वाक्यं पुन्हापुन्हा म्हणून थोडं बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात कमी होतं, त्यांना ती म्हणून, न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्याला औषध हवं त्यालाच ते बाधलं! दांड्याला धरून मला जे आतून उत्तर येत होतं, तेच त्यांनाही येत असणार, असा माझा तर्क. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वास कशातून येतो ते मांडलं होतं. स्वतः केलेली आणि जमलेली गोष्ट, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि अंगातली धडधड शांत असणं. या चारांत त्यांनी सगळ्यांत जास्त वजन दिलं ते पहिल्याला. आपल्या पुरवण्या तिसऱ्यावरच सगळी शाई खर्च करतात.

आणखी एक. शिकलेली असहायता म्हणून ज्याचा उल्लेख अशा लेखांत असतो, ते मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचं १९६७ मधलं काम. आधी काहीही केलं तरी चुकवता न येणारे झटके सोसलेले कुत्रे, पुढे सुटायची वाट उघडी असतानाही बरेचसे जागेवर पडून राहिले. लेख इथे थांबतात. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. चुचकारून, बोलावून ते कुत्रे उठले नाहीत. त्यांना पट्ट्याला धरून पलीकडे ओढून न्यावं लागलं, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, आणि मग ते आपणहून जायला लागले. शिवाय या दोघांनीच २०१६ मध्ये आपलं जुनं म्हणणं फिरवलं. असहायता शिकावी लागते असं ते आधी समजत होते. मेंदूवरच्या नंतरच्या कामातून उलटं दिसलं : मोठा त्रास लांबला की हातपाय गाळणं ही मुळातलीच प्रतिक्रिया, आणि ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे शिकावं लागतं. पन्नास वर्षांनी स्वतःचंच मत जाहीरपणे उलटवणारे संशोधक पाहून माझ्यातल्या शिक्षिकेला फार बरं वाटलं. आम्हाला फळ्यावरची बेरीज चुकली तरी कबूल करायला जड जायचं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर मीही त्या लेखांच्याच पंगतीत बसेन. प्रत्येक ‘जमणार नाही’ हा मनाचा खेळ नसतो. माझे गुडघे झिजलेले आहेत, मी धावू शकणार नाही, आणि हा समज नव्हे, एक्स-रे आहे. काही दारं खरोखर बाहेरून बंद असतात, तिथे आतल्या माणसाला ‘समज बदल’ सांगणं म्हणजे थट्टा. आणि ज्यांच्यावर माझ्याहून फार मोठं काही गुदरलं आहे, त्यांनी हा उद्योग एकट्याने करू नये, जाणकाराचा हात धरावा. माझ्या सहा बुडक्यांमध्येही ती मुलगी हातभर अंतरावर होती आणि काठावर जीवरक्षक होता. ते नसते तर मी केलंच नसतं, आणि करूही नये.

भीती गेली का? नाही. पाच महिन्यांनी, मी आडवी तलावभर जायला लागल्यावर, एका सकाळी पाण्यात उतरले आणि पोटात तोच जुना गोळा. हात आपोआप दांड्याकडे गेला. मला वाटलं, सगळं वाया गेलं. पण रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनेच पाहून ठेवलं होतं की विझलेली प्रतिक्रिया काही काळ मध्ये गेला की पुन्हा डोकं वर काढते. जुनं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं लिहिलं जातं, आणि त्या दिवशी कोणतं पान उघडेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी जुनं उघडलं. पाच मिनिटं दांडा धरून उभी राहिले, वहीत ‘खात्री ७० टक्के’ लिहिलं, आणि पुन्हा एकदा गोळा होऊन बुडायला गेले. पाठ वर आली.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण त्या दांड्याशी उभी असताना मला वारंवार एक मुलगी आठवत राहिली, तिचं सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

नववीत होती. पहिल्याच प्रात्यक्षिकाला तिच्या हातून चंचुपात्र फुटलं, पुढच्या वेळी परीक्षानळी. मी ओरडले नाही. मी फार समजूतदार शिक्षिका होते. मी म्हणाले, ‘तुझ्या हातात काही टिकत नाही गं. तू असं कर, गटाची निरीक्षणं तू लिहीत जा. अक्षर किती सुरेख आहे तुझं!’ दोन वर्षं तिने निरीक्षणं लिहिली. बाकीच्या मुली स्पिरिटचा दिवा पेटवायच्या, नळी चिमट्यात धरून तापवायच्या, हात भाजून घ्यायच्या, आणि ही टेबलाच्या कडेला वही घेऊन उभी. शेवटी शेवटी तर प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या मी न सांगताच ती वही उघडायची. माझ्या हे डोळ्यांत भरायचं आणि मला कौतुक वाटायचं. किती शहाणी, किती पटकन आपली जागा ओळखली हिने!

मी तिला चपला सांभाळायला बसवलं होतं.

ती आता कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही. कदाचित शल्यविशारद झाली असेल आणि मला विसरलीही असेल. तसं असेल तर उत्तमच. पण वाटतं ते असं की त्या वेळी करण्यासारखी गोष्ट अगदी साधी होती. तिसरी नळी तिच्या हातात द्यायची, आणि आपण हातभर अंतरावर उभं राहायचं. एक नळी आणखी फुटली असती. शाळेच्या नोंदवहीत फुटलेल्या काचसामानाला वेगळा रकाना असतोच, तो त्यासाठीच असतो. मी तो रकाना वर्षानुवर्षं जवळपास कोरा ठेवला, आणि वर्षअखेरीच्या तपासणीत त्याबद्दल शाबासकीही घेतली.

तेव्हा संपादक महोदय, जागा असेल तर निकालाच्या दिवसांत पुरवणीत आरशाऐवजी वहीची एक चौकट छापून पाहा. डावीकडे ‘काय होईल असं वाटतं’, मध्ये ‘खात्री किती टक्के’, उजवीकडे ‘काय झालं’. उजवीकडचा रकाना कोराच ठेवायचा, तो वाचकाने भरायचा. माझ्या वहीत आता तलावाची खोल बाजू सुरू आहे, अडीच मीटर. अंदाजाचा आकडा गेल्या आठवड्यात ४० पर्यंत उतरला, या आठवड्यात पुन्हा ५५ वर चढला. का चढला ते कळलेलं नाही.

सुटीत आम्ही सगळे तलावावर गेलो होतो. धाकट्या नातवाने सवयीने आपल्या चपला माझ्या हातात दिल्या, मीही सवयीने घेतल्या, दोन-तीन जणांच्या आणखी घेतल्या, आणि बाकावर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आत मी पोहायचा पोशाख घालून आले आहे. चपला तिथेच ठेवल्या आणि पाण्यात उतरले. परत आलो तेव्हा सुनेचा एक जोड गायब होता. नवा घेतलेला होता. त्यावरून घरात मला अजून बोलणी बसतात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका